करंजाखालचं मीठ

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

कसबा बावडा,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. गुरुप्रसाद यास,

दादाचा आशीर्वाद. अनुजाला आणि स्नेहलला माझी आठवण सांग. आम्ही इकडे ठीक आहोत, तुम्हीही असाल असं धरून चालतो.

वारणानगर इथून तासाभराच्या वाटेवर, आणि मी पोस्टाचं पाकीट आणून पत्र लिहायला बसलो, याचं तुझ्या वहिनीला हसू आलं. "गाडीला किक मारा आणि जाऊन या की," म्हणाली. तिचं बरोबर आहे. पण तुझ्या दारात उभं राहिल्यावर तू काय बोलशील आणि मी काय बोलेन, याचा अंदाज येत नाही. फोन तू उचलत नाहीस. त्याचा राग नाही. संक्रांतीच्या आठवड्यात गावात देवळापुढं जे झालं, त्यानंतर मीही बहुतेक उचलला नसता. पत्राचं एक बरं असतं, मध्येच कुणी तोडत नाही.

माईचं सांगतो. गुडघा धरलाय, उठताना भिंतीचा आधार घेते. तरी शेळीमागं बांधापर्यंत जातेच. मी म्हटलं, माई, चार दिवस बावड्याला चल. तर म्हणाली, "तुमच्या त्या खोलीत मी काय पाखरू हाय व्हय कोंडून घ्यायला?" म्हणून दर रविवारी मीच जातो. आठवडाभर कॉलेजच्या प्रयोगशाळेत मातीच्या पिशव्या सोडायच्या, माती वाळवायची, चाळायची, आणि रविवारी गाडीवर बसून पुन्हा मातीच बघायला जायचं. पूर्वी याचं काही वाटत नसे. आता हातकणंगलं मागं पडलं की पाठ बोलायला लागते. वयाचं असेल. निजून उठलो तरी निजायचं राहिलंय असं वाटतं.

तुझी करंजाची झाडं चांगली आहेत. शेंगा वाळून खुळखुळतायत, आणि खाली पाला इतका पडलाय की माणूस आलेला आधी कानाला कळतो. बांधाच्या पलीकडं आकारामतात्यांचं रान तसंच आहे, चुना सांडल्यासारखं पांढरं. आपल्या लहानपणी त्या सगळ्या पट्ट्यात जोंधळा डोक्यावरून जायचा. मग नदीचं पाणी आलं, ऊस आला, आणि पाणी द्यायचं कुठं थांबवावं हे कुणालाच कळलं नाही. आबांनाही कळलं नाही. पाणी जमिनीत तुंबलं आणि पोटातलं मीठ घेऊन वर आलं.

तू त्या दिवशी तावातावानं उठून गेलास, त्यामुळं तात्यांचं निम्मंच ऐकलंस. सगळ्या शेजाऱ्यांनी मिळून जमिनीखाली निचऱ्याचे पाइप घालायचे ठरवलेत. पाइपांना भोकं असतात, त्यांतून खारं पाणी आत येतं आणि उतारानं ओढ्याला जातं. सगळ्यांत खोलगट तुकडा आपला, म्हणून मोठी ओळ आपल्यातूनच जाणार. त्याआधी जमीन मोजून द्या, असं त्यांनी मला तिथंच सांगितलं, आणि सरांची परवानगी काढून मी कॉलेजचं यंत्र रविवारी नेलं.

स्नेहलला सांगता यावं म्हणून लिहितो. चार लोखंडी खुंट्या एका रेषेत ठोकायच्या. बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीज सोडायची आणि आतल्या दोन खुंट्यांवर बघायचं, जमीन तिला किती अडवते. ओली आणि खारी जमीन वीज लगेच जाऊ देते. कोरडी, गोडी जमीन अडवते. खुंट्यांमधलं अंतर वाढवलं की वीज आणखी खोल उतरते, म्हणजे खणल्याशिवाय खालचं कळतं. आधी तात्यांच्या रानात मोजलं. मग तुझ्या झाडांखाली.

आकडे आलेत. पुढच्या वेळी लिहीन. आणखी एकदा मोजून खात्री करायची आहे.

आणि तू जाता जाता जे बोललास, त्याबद्दल आज काही लिहीत नाही. थंडी कमी होतेय, खोकल्याला जप.

तुझा,
नृसिंहदादा


॥ श्री गुरुदेव दत्त ॥

कसबा बावडा,
रविवार, २ मार्च २०२५

चि. गुरुप्रसाद,

आशीर्वाद. परवा अनुजाचा फोन आला होता. तिच्यावर रागावू नकोस. म्हणाली, "भाऊजी, पत्र आलं. ह्यांनी वाचलं, फ्रिजवर ठेवलंय. टाकून दिलं नाही म्हणजे चांगलंच समजा." मी तसंच समजलो.

गुरुप्रतिपदेला दत्ताच्या वाडीला गेलो होतो. माईला न्यायचं होतं, पण घाटाच्या पायऱ्या तिला झेपेनात म्हणून एकटाच गेलो. पादुकांचं दर्शन झालं, प्रसाद घेतला आणि संगमाकडं जाऊन बसलो. पाणी उतरलंय. कुणाच्या तरी घरची माणसं अस्थींचं मडकं घेऊन आली होती. दोन भाऊ असावेत, तोंडावळा एक होता, आणि त्यांतल्या एकाची मुलगी. मडकं पाण्यात रिकामं झालं तशी ती मुलगी म्हणाली, "झालं?" बापानं मान हलवली. मग ती सगळी पायऱ्या चढून चहा प्यायला गेली.

मी बराच वेळ तिथंच बसलो. आपलं "झालं" कधी झालंच नाही, असं मला वाटत राहिलं.

गुरु, तू देवळापुढं सगळ्या भावकीसमोर म्हणालास, "आबांची राख वाडीला न्यायला मिळाली न्हाय, म्हणून ह्याला आता झाडं तोडायची हायत. यंत्र-बिंत सगळं नाटक हाय." आणि घरी माईनं वाढलेल्या ताटावरूनही उठून गेलास. ताट झाकून ठेवलं होतं तिनं. संध्याकाळी शेळीला घातलं.

मला वाडीला न्यायचं होतं हे खरं. आबा गेल्यावर तिसऱ्या दिवशी तू म्हणालास की राख नदीत सोडायची नाही, आपल्या मेलेल्या तुकड्यात पुरायची आणि वर झाडं लावायची, तेव्हा आपल्याकडच्या पुष्कळ घरांनी तसं केलेलं होतं. चांगलीच चाल आहे, नदीही स्वच्छ राहते. माझ्याकडं तिच्याविरुद्ध बोलायला काही नव्हतं. फक्त मन होतं, आणि मनाला तिथं कुणी विचारत नव्हतं. म्हणून बांधावर उभा राहिलो. खड्ड्यात तू उतरलास.

आता आकडे. दोन रविवार मोजून खात्री केली. झाडांखाली वरची जमीन वीज चांगली अडवते. म्हणजे ती कोरडी झालीय आणि बरीचशी गोडीही. बांधापलीकडं तशी जमीन शोधून सापडत नाही. तू दोन उन्हाळे टँकरनं पाणी घातलंस ते फुकट गेलं नाही, हे मी तात्यांनाही सांगितलं.

पण खुंट्या लांब नेल्या की गोष्ट बदलते. मुळं जिथं पाणी पितात त्या थराला वीज अशी सरसर पळते की मला आधी तार सैल झाल्यासारखं वाटलं. झाडं पाणी पितात, मीठ पीत नाहीत. इतक्या वर्षांचं मीठ मुळांभोवती गोळा होऊन बसलंय. वर गोडी, खाली खार. झाडांनी ते नाहीसं केलं नाही, धरून ठेवलंय.

हे मी सरांना दाखवलं. ते म्हणाले, दूरच्या देशांत गवताळ माळ असतात, मैलोन्‌मैल झाडच नसलेले. तिथं लोकांनी वारा अडवायला झाडांच्या ओळी लावल्या, आणि वर्षांनी मोजून पाहिलं तर झाडाखालची जमीन शेजारच्या गवताखालच्या जमिनीसारखी राहिलेली नव्हती, वीजसुद्धा तिच्यातून निराळी जात होती. "झाड लावलं म्हणजे नुसती सावली येत नाही, नृसिंह," म्हणाले. "खालचं सगळं हलतं. कुठं बरं होतं, कुठं नाही." मला ते ऐकून बरं वाटलं. म्हणजे तू काही चुकीचं केलं नाहीस. झाडांना जेवढं जमतं तेवढंच त्यांनी केलं.

तात्यांच्या योजनेचं काम बघायला प्रियदर्शनी म्हणून एक इंजिनिअर मुलगी येते. तिनं सरळ सांगितलं, पाइपाला भोकं असली की मुळं पाण्याच्या वासानं आत शिरतात आणि दोन वर्षांत पाइप बोळा कोंबल्यासारखा बंद होतो. वरच्या सगळ्यांचं पाणी आपल्या तुकड्यातून जाणार, तेव्हा इथं तुंबलं की सगळ्यांचं तुंबलं. म्हणून झाडं मुळांसकट काढायची.

तात्या तर काय, तुला माहीत आहेत. बांधावर उभं राहून ओरडले, "नरसू, तुझ्या भावाला म्हणावं, झाड म्हंजे काय बाप हाय व्हय?"

मी म्हटलं, "तात्या, तिथं बापच हाय की."

त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, "व्हय की लेका. इसरलोच." पण जाताना पुन्हा वळून म्हणाले, "आमच्या पोरांनी मग काय मीठ पेरून मीठ खायाचं?" त्यांचंही खोटं नाही. त्यांचा राजवीर शेती सोडून एमआयडीसीत जातो, कारण रानात गवतसुद्धा धड येत नाही.

सात-बारावर आपल्या दोघांची नावं आहेत. तुझ्या संमतीशिवाय जेसीबी बांध ओलांडणार नाही, आणि माझ्याही. तात्या रोज फोन करतात. मी रोज सांगतो, भावाशी बोलतो. काय बोलायचं ते मलाच ठरवता येत नाही. आजकाल ठरवायचं म्हटलं की अंग जड होतं.

तुझा,
दादा


॥ श्री गुरुदेव दत्त ॥

कसबा बावडा,
रविवार, २३ मार्च २०२५

गुरु,

या वेळी जमिनीचं थोडं आणि माझं जास्त लिहितो. मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायला घेतली होती आणि सोडून दिली. ती लिहिल्याशिवाय पुढचं लिहिण्यात अर्थ नाही.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी मी रजा काढून रानात गेलो होतो. प्रियदर्शनीनं गाडीच्या सीटवर नकाशा पसरला आणि पाइपाची ओळ दाखवली. आपल्या तुकड्याच्या मधून खाली ओढ्याला. मी सहज विचारलं, पुढं? ती हसली. "पुढं काय काका, ओढा कृष्णेला मिळतो, आणि कृष्णा जाते वाडीला."

मी दर रविवारी बघतो तोच ओढा. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात सगळी वाट उभी राहिली. झाडं निघाली, पाइप बसला, की मुळांनी धरलेलं मीठ पाण्याबरोबर सुटणार. आणि मीठ सुटणार म्हणजे राखेतलं जे काय मातीत विरलंय, तेही सुटणार. पाइपातून ओढ्याला, ओढ्यातून कृष्णेला, कृष्णेतून घाटाला. मला मडकं न्यायला नको, कुणाशी भांडायला नको, आबा आपले आपण वाडीला पोचणार.

मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू. इतका झाला की डोळे भरले, आणि ती पोर म्हणाली, "काका, ऊन लागतंय का?"

मग तुझी झाडं दिसली.

गुरु, यंत्र नाटक नव्हतं. आकडे होते तसे मी सांगितले, आणि कुणीही येऊन खुंट्या ठोकल्या तरी तेच निघतील. पण तू जे बोललास त्यातलं निम्मं माझ्या पोटात होतं, आणि मला स्वतःला ते माहीत नव्हतं. तुला ते माझ्याआधी दिसलं. म्हणून मला इतकं लागलं असणार. घरी आलो, संध्याकाळी दत्तापुढं बसलो, पण जप काही होईना. देवाच्या नावानं मी झाडं मागतोय असं वाटायला लागलं.

पुढच्या रविवारी माईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "वाडीला मी जित्तेपणी किती येळा जाऊन आले. मेल्यावर कशाला परत? आनि तुझ्या आबाला कधी नदी आवडली? न्हायला सुदिक हिरीवर जायचं ते. नदीत पाय घालायचा म्हंजे ह्यास्नी मगर दिसायची."

मी म्हटलं, "माई, तसं न्हाय, गती मिळती म्हणत्यात."

"झाडाखाली बसल्यावर गती मिळत न्हाय व्हय रं?" म्हणाली. मग पुन्हा सूप घेतलं आणि खडे काढता काढता खालच्या मानेनं म्हणाली, "मला बी तिथंच ठेवा. तुमी दोघांनी मिळून ठेवा, येकट्यानं नगं. एवढंच हाय माजं."

तिला काही झालेलं नाही, घाबरू नकोस. पण ती हे हल्ली वरचेवर बोलते. ऐकणारा मी एकटाच असतो, आणि अर्धं ऐकणं तुझ्या वाट्याचं आहे.

आता काय ठरलंय ते सांगतो. ठरलंय म्हणजे माझ्यापुरतं, बाकी तुझ्यावर.

मी प्रियदर्शनीला विचारलं, झाडं ठेवून काही करता येईल का. तिनं पुन्हा नकाशा पसरला. म्हणाली, "मुळांचा पट्टा आहे तेवढ्यात भोकं नसलेला पाइप टाकता येईल. बंद पाइप. जोड पक्के केले तर मुळं आत जाणार नाहीत. वरच्यांचं पाणी आतून नुसतं पुढं जाईल."

"आणि आमच्या पट्ट्यातलं?"

"तुमच्या पट्ट्याचा निचरा होणार नाही, काका. झाडांखालची खार आहे तिथंच राहील."

"ती ओढ्याला जाणार न्हाय म्हणता?"

"नाही."

मी तिला पुन्हा एकदा विचारलं, आणि तिनं पुन्हा तेच सांगितलं. मग म्हटलं, तसंच करा.

ती म्हणते, शेजारच्या रानांचं पाणी खाली उतरलं की आपल्याकडंही नवी खार येणं कमी होईल. पण मुळांनी धरलंय ते तसंच राहणार, आणि करंज किती वर्षं ते सोसतील हे तिलाही सांगता येत नाही, सरांनाही नाही. मी तुला खोटा धीर देत नाही. उद्या झाडं वाळायला लागली तर तेव्हा आपण दोघं बघू.

तात्या आधी कुरकुरले. "आमच्यासाठी भोकाचं, आन तुमच्यासाठी बिनभोकाचं. तुमचं घर म्हंजे न्यारंच बाबा!" मग म्हणाले, "पर गणपतराव तिथं हायत म्हणतोस, तर राहू दे. जोंधळा असताना मला लई कणसं दिलीत त्या माणसानं." सहीचा कागद त्यांच्याकडंच आहे.

पाडव्यानंतरच्या मंगळवारी जेसीबी येणार. बंद पाइप घालायचा झाला तरी चर खणावाच लागतो. झाडांच्या दोन ओळींमधून तो जाईल, आणि एखाददुसरं झाड जाईलच. त्याला इलाज नाही. कोणतं जावं हे आबा नेमके कुठं आहेत त्यावर ठरायला पाहिजे, म्हणजे चर तेवढा बाजूनं नेता येईल.

ते मला माहीत नाही. मी बांधावर होतो. माई रानात आलीच नव्हती. ज्यांनी तुला माती ओढायला मदत केली त्यांतले एक चुलते वारले आणि दुसऱ्यांना आठवत नाही, मी विचारून आलो. झाडं आता सगळी सारखीच दिसतात.

काल मी एकटाच यंत्र घेऊन गेलो होतो. ओळीच्या मध्यावर, खालच्या अंगाला, एका जागी यंत्राचा काटा एकदम उडाला, वीज सरसर पळाली. खुंट्या जवळ ठोकल्या तरी उडाला, म्हणजे जे काय आहे ते वरच आहे. हात जोडले आणि थोडा वेळ तिथं बसलो. मग पुढं मोजलं तर आणखी एका जागी तसंच झालं. आणि बांधाजवळ तिसऱ्या जागी. यंत्राला राख आणि मीठ यांतला फरक कळत नाही, गुरु. त्याला दोन्ही सारखंच. मला कळेल असं वाटलं होतं, पण मलाही कळलं नाही.

ते तुलाच माहीत आहे. खड्डा तू तुझ्या हातानं खणला होतास, आणि वर पहिलं रोप कोणतं लावलंस ते तू विसरला नसशील. तू ये. सही करायची की नाही ते तिथं उभं राहून ठरव. नाही केलीस तरी मी तात्यांना सांगेन की आम्ही दोघांनी नाही म्हटलं. तुला एकट्याला त्यांच्या तोंडी देणार नाही. पण ये आणि जागा दाखव. तिथं काठी रोवू, चर तेवढा बाजूनं नेऊ. जेसीबीवाल्याला मी सांगून ठेवलंय, त्या पट्ट्यात मशीन घालायचं नाही, कुदळीनं खणायचं. पाठ दुखते माझी, पण तेवढं होईल.

माईनं पाडव्याला काय करू विचारलंय. मी म्हटलं, पुरणपोळी मंगळवारपर्यंत टिकेल असं काहीतरी कर. "दोन ताटं वाढू का तीन?" म्हणाली.

करंजांना पालवी फुटायला लागलीय. अजून तांबूस, कोवळी आहे. तू लावलेल्या झाडांची पालवी तू त्या दोन उन्हाळ्यांनंतर पाहिलीच नाहीस, असं माई म्हणते.

वाडीला माझं जाणं चालूच राहील, ते मला सोडता येणार नाही. आबांचं तेवढं झाडांखालीच राहू दे.

मंगळवारी सकाळी मी रानात असेन. या खेपेला बांधावर नाही, खाली, झाडांत.

तुझी वाट बघणारा,
दादा